‘स्वतःचीच चरबी आहे, मग धोका कसला?’ : नाकात चरबी भरून घेण्याआधी

कागलजवळच्या एका २६ वर्षांच्या मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: दोन डोळ्यांच्या मध्ये तिच्या नाकाचा दांडा खोलगट आहे आणि त्याच्या लगेच खाली हाडाचा बारीक उंचवटा आहे. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोत नाक पोपटासारखं दिसतं. लग्न सात आठवड्यांवर आलंय. एका क्लिनिकमध्ये तिला सांगितलं की ऑपरेशनची गरज नाही, पोटाची थोडी चरबी काढायची, नाकात भरायची आणि दीड तासात घरी जायचं. ‘स्वतःचीच चरबी आहे, मग धोका कसला?’ असं तिथे म्हणाले, आणि हे कायम टिकतं असंही म्हणाले. जाता जाता तिने एक ओळ लिहिलीय, की सर्दी नसतानाही डाव्या नाकपुडीतून श्वास कमी येतो.

आधी सरळ उत्तर देतो. लग्नाआधी हे करू नका. नंतर करायचं झालं तरी चरबीच हवी का, हे कुणीतरी नाक नीट तपासल्याशिवाय ठरवू नका. डाव्या नाकपुडीची ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे नंतर येतो.

कोल्हापुरात मी २२ वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय. चरबी भरण्याचं काम स्वतः करतो, गालात, हनुवटीत, भाजलेल्या व्रणांखाली आणि निवडक रुग्णांच्या नाकातही. त्यामुळे ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती ज्या शब्दांत तुम्हाला विकली गेली, त्या शब्दांबद्दल मला बोलायचंय.

‘बिनऑपरेशन’ हा पहिला शब्द. नाकावर टाका पडत नाही, एवढ्यापुरताच तो खरा. चरबी काढायची म्हणजे पोटावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, सलाइनमध्ये लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारं औषध) मिसळून तो भाग फुगवायचा आणि पोकळ नळीने चरबी ओढायची. हे लायपोसक्शनच आहे, फक्त लहान. ते ऑपरेशन थिएटरमध्येच व्हायला हवं, फेशियलच्या खुर्चीत नाही. माझ्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद ऑपरेशन म्हणूनच होते.

आता या पद्धतीने काय होतं आणि काय होत नाही ते बघा. चरबीने नाकात भर घालता येते, काही कमी करता येत नाही. तुमच्या नाकावरचा उंचवटा तसाच राहणार. वरची खोलगट जागा भरली की कपाळापासून शेंड्यापर्यंतची रेघ सलग दिसते आणि नजरेला उंचवटा जाणवत नाही. फोटोत हे खरंच छान दिसतं, मी नाकारत नाही. पण नाक लहान होत नाही, मापाने ते थोडं मोठंच होतं. फताडं नाक अरुंद होत नाही, रुंद नाकपुड्या आवळत नाहीत, दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ होत नाही. खाली उतरलेला शेंडा चरबीने उचलू पाहिला तर तो मऊ गोळ्यासारखा दिसायला लागतो, कारण शेंड्याला आधार हवा असतो आणि चरबीत आधार देण्याची ताकद नसते.

चरबी कशी दिसते हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. १० मिलीच्या सिरिंजने, दट्ट्या अगदी थोडा मागे ओढून, हलक्या हाताने ती काढावी लागते. जोरात ओढली तर पेशी फुटतात. मग सिरिंज उभी ठेवायची किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. थोड्या वेळात तीन थर दिसतात. तळाशी लालसर पाणी, मधे फिकट पिवळी, रवाळ तुपासारखी चरबी, आणि वर तेल, मिसळीच्या कटावर तर्री येते तसं. हे तेल म्हणजे फुटलेल्या पेशी. पाणी सोडून द्यायचं, तेल टिपून घ्यायचं आणि मधला थर १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरायचा. नाकाच्या दांड्याला एकूण लागते ती एक ते तीन मिली, म्हणजे चहाच्या लहान चमच्याच्या आतच. ती एका दमात ओतायची नसते. बोथट नळी हाडाला चिकटून पुढे न्यायची आणि मागे घेता घेता चरबीची शेवयांपेक्षा बारीक रेघ सोडायची. एका खेपेला ०.१ मिलीहूनही कमी. अशा वीस-तीस रेघा.

इतकं बारीक का, याचं उत्तर आपल्याच मुलखातल्या एका जुन्या गोष्टीत सापडतं. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ती हकिगत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ती पद्धत उचलली. त्या कारागिराने कपाळाची कातडी पूर्ण कापून काढली नव्हती. दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली आणि ती २५ व्या दिवसाच्या सुमारास, नवं नाक जागेवर धरल्यावर कापली. त्या पट्टीतून रक्त येत होतं, म्हणून ते नाक जगलं.

पोटातून काढलेल्या चरबीला अशी पट्टी नसते. तिचा रक्तपुरवठा त्याच क्षणी तुटतो. नाकात गेल्यावर पहिले काही दिवस ती आजूबाजूच्या ऊतींतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते, नंतर तिच्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात. रेघ जाड असेल तर मधल्या पेशींपर्यंत काही पोचायच्या आतच त्या मरतात. काही विरघळून जातात, काहींची तेलाची गाठ होते, काही कडक होतात. म्हणजे ‘स्वतःची’ या शब्दाचा अर्थ एवढाच की शरीर तिला परकी समजून नाकारत नाही. ती जगेलच, असा त्याचा अर्थ होत नाही. भरलेल्या चरबीपैकी किती टिकते याचे आकडे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे फिरत राहतात. एकाच डॉक्टरच्या हाताखाली, एकाच पद्धतीने, दोन बहिणींमध्येसुद्धा फरक पडतो. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा भरावी लागते. त्यामुळे ‘एकदाच करा, कायमचं’ हे वाक्य कुणी ठामपणे बोलत असेल तर मला त्याची काळजी वाटते.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणीच्या नाकात मी ‘अर्धी विरघळेलच’ या हिशेबाने जरा जास्त चरबी भरली. तिची विरघळली नाही. पहिली दोन वर्षं दोघांनाही ठीक वाटलं. मग बाळंतपणात तिचं वजन १४ किलोने वाढलं, आणि पोटाची चरबी जशी वाढली तशीच नाकातलीही वाढली. कारण जगलेली पेशी आपला मूळ स्वभाव विसरत नाही. पोटाची पेशी नाकात बसली तरी पोटाच्या पेशीसारखीच वागते. तिच्या डोळ्यांच्या मधे नाक इतकं रुंद झालं की चष्मा बसेना. चरबी विरघळवण्याचं भरवशाचं इंजेक्शन नाही. शेवटी नाक उघडून, कातडीला आतून चिकटलेली चरबी खरवडून काढावी लागली, आणि ते काम पहिल्या कामाच्या चौपट अवघड होतं. नाक बरं झालं, पण कातडी थोडी पातळ राहिली ती राहिलीच. तेव्हापासून मी कमीच भरतो आणि दुसऱ्या खेपेची शक्यता आधीच सांगतो. लग्न, बाळंतपण, वजनाचे चढउतार समोर असलेल्या मुलीला तर थांबायलाच सांगतो.

पण ती चूक निस्तरता आली. आता जे सांगतोय ते निस्तरता येत नाही.

नाकाच्या दांड्यावरून, कातडीच्या खाली, एक बारीक धमनी उतरते. ती येते डोळ्याच्या खोबणीतून, डोळ्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीची ती शाखा. नाकाच्या बाजूने वर चढणाऱ्या, चेहऱ्याच्या धमनीच्या फांद्या तिला येऊन मिळतात. म्हणजे नाक आणि डोळ्याचा पडदा (रेटिना) एकाच पाटाच्या दोन चाऱ्यांवर आहेत. सुईचं टोक अशा धमनीत गेलं आणि दट्ट्या जोरात दाबला, तर चरबी रक्ताच्या दाबावर मात करून उलटी, मागे, डोळ्याच्या दिशेने सरकते. दाब सोडला की रक्त तिला पुढे ढकलतं, आणि ती पडद्याच्या धमनीत जाऊन अडकते. त्या क्षणी डोळ्यात असह्य कळ येते आणि समोर अंधार होतो. चरबी आणखी मागे गेली तर मेंदूतही पोचते. पडद्याला रक्त मिळालं नाही तर फार तर तास-दीड तासात कायमचं नुकसान होतं. एवढ्या वेळात कागलहून कोल्हापूरला येऊन डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढून होईल, पुढे काही घडायच्या आत वेळ संपलेली असेल.

हे क्वचित घडतं, पण घडतं. २०१५ साली चेहऱ्यावरच्या इंजेक्शनांमुळे दृष्टी गेलेल्या किंवा बिघडलेल्या जगभरातल्या ९८ नोंदी एकत्र करून तपासल्या गेल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या, ४७.९ टक्के, स्वतःच्या चरबीच्या होत्या. जागेनुसार भुवयांच्या मधला भाग सर्वांत पुढे होता आणि नाक दुसऱ्या क्रमांकावर, २५.५ टक्के. तुमची खोलगट जागा नेमकी या दोन भागांच्या सीमेवर आहे.

चरबीऐवजी इंजेक्शनने भरतात ते जेलचं फिलर, म्हणजे हायल्युरॉनिक अॅसिड, धमनीत गेलं तरी हाच अपघात होऊ शकतो. त्याने कातडी सडल्याच्या आणि दृष्टी गेल्याच्या नोंदी आहेत. पण तिथे हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, ते जेल विरघळवतं. निदान कातडी वाचवण्याची चांगली संधी असते, आणि आकार आवडला नाही तरी तो परत नेता येतो. चरबीला असा उतारा नाही. शिवाय चरबीचा कण जेलपेक्षा मोठा आणि ओबडधोबड, त्यामुळे ती बहुधा मोठ्या धमनीत अडकते आणि नुकसान जास्त करते. म्हणून ‘बाहेरचं केमिकल नको, आपलीच चरबी बरी’ हा जो विचार आपल्याकडे सगळ्यांना पटतो, तो नाकाच्या बाबतीत उलटा आहे. अॅलर्जीच्या हिशेबाने चरबी चांगली, अपघाताच्या हिशेबाने जास्त वाईट.

धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. टोकदार सुईऐवजी बोथट नळी. कातडीखाली वरच्यावर नाही तर खोल, हाडाला आणि कूर्चेला (नाकातल्या लवचीक हाडाला) चिकटून, कारण मोठ्या वाहिन्या वरच्या थरात असतात. अगदी मधल्या रेषेत राहायचं. भरताना सहाय्यकाने नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून धरायचं. हात सतत हलता ठेवायचा, आणि अडकतंय असं वाटलं तर जोर लावायचा नाही, नळी बाहेर काढायची. पूर्वी नाकाचं ऑपरेशन झालं असेल किंवा आधी फिलर भरलं असेल तर वाहिन्या व्रणात अडकून जागेवर थिजलेल्या असतात, नळी आली तरी बाजूला सरकत नाहीत. तिथे दुप्पट सावध राहावं लागतं. क्लिनिकला विचारा, सुई वापरता की बोथट नळी? आणि भरताना माझ्या डोळ्यासमोर अंधार आला तर पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय कराल? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर तिथून उठा. डॉक्टरचं नाव आणि पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तपासा. ‘स्टेम सेल’ टाकून नाक घडवतो असं कुणी म्हणत असेल तर त्या शब्दापायी जादा पैसे देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सौंदर्यासाठी स्टेम सेल उपचार विकायला मान्यताच नाही.

आता डावी नाकपुडी.

चार वर्षांपूर्वी एका तालमीतला मल्ल माझ्याकडे आला होता. खेळात समोरच्याचं डोकं नाकावर आदळलं होतं. नाक आतून दोन्ही बाजूंनी चोंदलं, तो ‘सूज आहे, उतरेल’ म्हणत आठ दिवस आखाड्यातच राहिला. आत पडद्याच्या दोन्ही अंगांना रक्त साकळलं होतं. अशा वेळी नाकात बॅटरी मारून पाहिलं तर जांभळासारखा मऊ फुगवटा दिसतो, आणि तो त्याच दिवशी मोकळा करायचा असतो, नाहीतर मधली कूर्चा तीन-चार दिवसांत मरते आणि वरचं छप्पर खाली बसतं. त्याचं तसंच झालं. दांडा मधोमध खोगिरासारखा खचला. कुणीतरी त्याला चरबी भरून घ्यायला सांगितलं होतं. मी त्याचा गाल हलकेच बाहेर ओढला, तेव्हा म्हणाला, ‘आता वारं येतंय बघा डॉक्टर.’ म्हणजे आतला आधारच गेलेला होता. तिथे चरबी भरणं म्हणजे तुळई मोडलेल्या घराला बाहेरून गिलावा करणं झालं असतं. त्याला मी बरगडीची कूर्चा वापरून आधार उभा केला. ऑपरेशनला चार तास लागले, पण आता तो नाकाने श्वास घेतो.

तुमचं नाक खचलेलं नाही, पण एका बाजूने श्वास कमी येतो याचा अर्थ बहुधा पडदा डावीकडे झुकलेला आहे. घरी एक गोष्ट करून बघा. स्टीलचा मोठा चमचा पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तोंड मिटून, चमचा वरच्या ओठाला आडवा टेकवून, नाकाने संथ श्वास सोडा. चमच्यावर वाफेचे दोन डाग उमटतील. डावा डाग लहान आला तर ते दिवसातून तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी बघा, कारण निरोगी माणसाच्याही नाकपुड्या आळीपाळीने थोड्या चोंदतात. प्रत्येक वेळी डावाच लहान असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या. पडदा दुरुस्त करावा लागणार असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये उंचवटा घासता येतो आणि पडद्यातून काढलेली कूर्चा वरच्या खोलगट जागेत बसवता येते. मग चरबीचा प्रश्नच उरत नाही. आधी चरबी भरून बसलात तर पुढे हे ऑपरेशन करणाऱ्याला व्रणातून वाट काढावी लागेल.

मग चरबी कुणाला द्यायची? माझ्या अनुभवात तिचा सगळ्यात चांगला उपयोग आधी ऑपरेशन झालेल्या नाकांत होतो. कातडी पातळ झालेली असते, आतल्या कूर्चेची कड बोटाला लागते, कुठे बारीक खड्डा राहिलेला असतो. तिथे अर्धा-एक मिली चरबी दिली की कड झाकली जाते आणि वरची कातडीही हळूहळू मऊ पडते. गाल किंवा हनुवटी भरायचीच आहे आणि त्याच चरबीतली थोडी दांड्याच्या वरच्या टोकाला द्यायची, हेही ठीक. हनुवटीचं आवर्जून सांगतो. हनुवटी आत असली की चांगलं नाकसुद्धा मोठं वाटतं, आणि बाजूच्या फोटोवर चिडून आलेल्या कित्येक मुलींच्या बाबतीत मी नाकाला हातही लावलेला नाही.

सात आठवड्यांचा हिशेब असा. नाकाची सूज दोन-तीन आठवडे दिसते, पोटावरचं काळंनिळं तेवढंच. पहिला महिनाभर दांड्यावर दाब चालत नाही, म्हणजे चष्मा असेल तर तो चिकटपट्टीने कपाळाला टांगावा लागतो. सातव्या आठवड्यात चरबी विरघळण्याची क्रिया मध्यावर असते. अक्षतांच्या दिवशी नाक कसं दिसेल हे मी सांगू शकत नाही, आणि ते क्लिनिकही सांगू शकत नाही. नथीसाठी नाक टोचायचं राहिलं असेल तर ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात करू नका, आताच करा. छिद्राची जखम बरी व्हायला वेळ लागतो आणि पिकलेल्या नाकपुडीवर नथ सहन होत नाही.

तुम्ही लिहिलंय की आई लहानपणापासून ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणत आली. आमच्या ओपीडीत ही म्हण मी इतक्या वेळा ऐकलीय, की ती म्हणणाऱ्या प्रत्येक आईला थांबवावंसं वाटतं. दहा वर्षांच्या पोरीला सहज बोललेलं वाक्य पंचविशीत माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतं. आणि तुमचं नाक नकटं नाहीच, ते घाटावरचं उभ्या दांड्याचं नाक आहे, जरा वर खोलगट. होणाऱ्या नवऱ्याने काही म्हटलंय का, हेही मला विचारायचंय, कारण दुसऱ्याच्या आग्रहाखातर आलेल्या माणसाचं नाक मी करत नाही.

लग्न होऊ द्या. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी कुठल्याही चांगल्या प्लास्टिक सर्जनकडे जा. जाताना चमच्याच्या नोंदी, दुर्बिणीचा रिपोर्ट, वापरातला चष्मा आणि दहावीच्या सुमाराचा बाजूने काढलेला एखादा फोटो न्या. जमलं तर आईलाही सोबत न्या. वाढत्या वयात तुमच्या नाकाचा शेंडा किती उतरेल, याचा अंदाज सर्जनला त्यांच्या नाकावरून येतो.